कचारगडचा नगारा आणि संतूरची मींड

मुंबईहून हावड्यास जाणारा लोहमार्ग गोंदिया सोडल्यावर आमगाव, सालेकसा, दरेकसा अशी स्थानके घेत हळूहळू रानात व डोंगरात शिरतो, एक बोगदा ओलांडतो आणि छत्तीसगडच्या मुलखात डोंगरगडास जाऊन पोचतो. बोगद्याच्या अलीकडे, सालेकसा तालुक्यात, कचारगडची प्रसिद्ध गुहा आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथे गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा अनेक प्रांतांतून यात्रेकरू ढोल-नगारे वाजवीत येतात. बोगद्याच्या पलीकडे, डोंगरगडाहून फार दूर नाही अशा खैरागडात, इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. १९५६ साली खैरागडच्या राजघराण्याने आपल्या कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा देऊन ते उभे केले. एका बाजूस काठीने बडविलेले चामडे. दुसऱ्या बाजूस स्वर, श्रुती आणि रागनियम. या दोहोंमधील अंतर आगगाडी थोडक्या वेळात तोडते. आमच्या सुशिक्षित रसिकांच्या मनात मात्र ते अद्यापि तुटलेले दिसत नाही.

काठीने, काडीने किंवा लहानशा हातोडीने वाजणाऱ्या वाद्यांचा न्याय आमची रसिकता कोणत्या मापाने करते, आणि ते माप खरे आहे काय, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे. प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. एका थोर कलावंताच्या अर्ध्या आयुष्याचा झगडा त्यात गुंतलेला आहे, आणि एका संपूर्ण समाजाच्या वादनास आम्ही ‘गोंगाट’ म्हणतो की ‘संगीत’, हेही त्यावरच ठरते.

भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग पाडले, ते आजतागायत चालत आले आहेत. वर्गीकरण उत्तम आहे. परंतु ते ‘काय कंप पावते’ एवढ्यावर उभे आहे, ‘हात काय करतो’ यावर नाही. त्यामुळे झाले असे की, संतूर तारांचे म्हणून ततात गेले, जलतरंग व काष्ठतरंग घनात बसले, नगारा आणि टिमकी अवनद्धात राहिली. वास्तविक या सर्वांच्या वादकाचे कर्म एकच. त्याचा हात वाद्यास चिकटून राहत नाही. तो वरून येतो, क्षणभर स्पर्श करतो आणि उडून जातो. मागे जो नाद राहतो त्यावर वादकाची सत्ता जवळजवळ संपलेली असते. सतारियाची बोटे तार ओढून धरतात, बासरीवाल्याचा श्वास स्वराबरोबर अखेरपर्यंत असतो, सारंगीचा गज तर स्वर सोडीतच नाही. आघात करणाऱ्याने एकदा आघात केला की बाण सुटला! पाश्चात्त्यांनी या हाताच्या धर्मावरून आपल्या वाद्यवृंदात एक वेगळे कुटुंबच मानले आहे. झायलोफोन, मरिंबा, व्हायब्राफोन, ग्लॉकनश्पिल ही त्यातील भावंडे. आमच्याकडे या कुटुंबास नाव नाही. आणि ज्यास नाव नाही त्याचे स्वतंत्र शास्त्र होत नाही, हे ओघानेच आले.

शास्त्र नसल्यामुळे या वाद्यांस उसने माप लावावे लागले, आणि ते अर्थातच गळ्याचे. महाराष्ट्राचा कान ख्यालगायकीवर वाढला. अब्दुल करीम खाँ, भास्करबुवा बखले, अल्लादिया खाँ यांच्या पिढीने आम्हांस जे ऐकावयास शिकविले त्यात स्वर हा ठिपका नसून रेघ आहे, एका स्वरातून दुसऱ्यात जाताना मधली वाट हीच रागाची खरी ओळख आहे, हा धडा पहिला होता. धडा खराच आहे. दरबारीचा गंधार हा हार्मोनियमच्या पट्टीवर बोट ठेवून मिळत नाही, हे कोणीही सांगेल. परंतु या खऱ्या धड्यातून एक खोटा सिद्धान्त निघाला: ज्या वाद्यास मींड नाही ते वाद्य अपुरे.

या सिद्धान्ताचा पहिला मोठा बळी हार्मोनियम. १९४० साली आकाशवाणीने त्यास दार बंद केले आणि ही बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. गंमत अशी की, याच काळात महाराष्ट्रात त्या बहिष्कृत पेटीची केवढी भरभराट चालली होती! गोविंदराव टेंबे यांनी रंगभूमीवर जे रोप लावले त्यास पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशी फळे आली. आप्पांची साथ ऐकताना मींड नाही म्हणून कोणी मराठी श्रोता उठून गेल्याचे ऐकिवात नाही. म्हणजे कान एक सांगत होता आणि शास्त्र दुसरे. आणि कान शहाणा होता.

दुसरा, आणि आमच्या विषयाशी थेट निगडित असलेला खटला संतूरचा. काश्मिरातील सूफियाना संगीतात हे वाद्य गाण्याच्या संगतीस असे. पंचवीस घोड्या, प्रत्येकीवर चार तारा, मिळून शंभर, म्हणून त्यास शततंत्री वीणेचे वंशज म्हणण्याचा प्रघात आहे. जम्मूचे उमादत्त शर्मा यांनी आपल्या मुलाने यावर शास्त्रीय संगीत वाजवावे असा हट्ट धरला. तो मुलगा, शिवकुमार शर्मा, १९५५ साली मुंबईस संगीतसंमेलनात वाजविण्यास आला तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा होता. ऐकणाऱ्यांनी त्याच्या तयारीचे कौतुक केले; परंतु जाणत्या टीकाकारांचा सल्ला असा पडला की, मुलगा गुणी आहे, त्याने दुसरे एखादे वाद्य घ्यावे; कारण संतूरवर मींड येत नाही, आणि मींड नाही तेथे आलाप नाही. त्याच मुंबईत, त्याच सुमारास, व्ही. शांताराम यांनी ‘झनक झनक पायल बाजे’ या चित्रपटातील एका प्रसंगाच्या पार्श्वसंगीतासाठी या मुलास बोलाविले. चित्रपटाचे संगीतकार वसंत देसाई. टीकाकारांस जे वाद्य अपुरे वाटले ते एका मराठी दिग्दर्शकास आपल्या कामाचे वाटले, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

शिवकुमारांनी टीकेस उत्तर दिले ते हाताने. तारांची संख्या कमी करून त्यांनी ती एक्याण्णवावर आणली, मांडणी नवी केली, आवाका तीन सप्तकांचा केला. काश्मिरात वाद्य लाकडी चौकटीवर ठेवीत, ते त्यांनी मांडीवर घेतले. त्यामुळे घुमारा आटोक्यात आला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अक्रोडाच्या लाकडाच्या कलमांनी केवळ ठोकावयाचे, ही कल्पनाच त्यांनी सोडली. कलमाचे टोक तारेवर इतके हलके टेकवावयाचे की ते आपल्याच उसळीने तारेवर थरथरत पुढे सरकते, आणि एका आघाताऐवजी अगणित सूक्ष्म आघातांची एक पट्टी तयार होते. दुरून ऐकणाऱ्यास तो लांबलेला स्वर वाटतो. चतुर म्हणेल, ही फसवणूक आहे. आम्ही म्हणतो, कलेत फसवणूक म्हणून काही नसते. पाहावयाचे ते एवढेच की त्या युक्तीने वाद्य स्वतःसारखे राहिले की दुसऱ्यासारखे झाले. शिवकुमारांच्या बाबतीत ते स्वतःसारखे राहिले. कारण ती थरथर मींडेची नक्कल नव्हे. तिच्यात दोन स्वरांमधला पूल नाही. आहे तो एकाच स्वराचा श्वास. पूल त्यांनी श्रोत्याच्या कानावर सोपविला. विलंबित आलापात एक स्वर विरत असतानाच दुसरा असा अचूक क्षणी पडतो की मधली वाट न काढताही दिसते. चित्रकार दोन ठिपके काढतो आणि रेघ पाहणारा पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

१९६७ साली हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काबरा यांच्यासह त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अनेकांच्या घरी असेल. तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. मेंढपाळाच्या एका दिवसाचे हे चित्र फार लोकप्रिय झाले; आमच्या मते मात्र तिच्या लोकप्रियतेने संतूरचे थोडे नुकसानही केले. तेव्हापासून संतूर वाजले की डोंगर, धुके आणि झरा आठवलेच पाहिजेत अशी जणू सक्ती झाली. चित्रपटसंगीताने ती सक्ती पुढे पक्की केली. ग्लॉकनश्पिल म्हणजे दव, व्हायब्राफोन म्हणजे स्वप्न, संतूर म्हणजे काश्मीर! केर्सी लॉर्ड यांच्यासारखे वादक मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत होते म्हणून या दागिन्यांस चकाकी आली, एवढे मान्य करून आम्ही पुढे जातो.

मराठी वाचकांस ज्यांचा विशेष अभिमान वाटावा असे संतूरवादक म्हणजे कै. उल्हास बापट (१९५०–२०१८). सरोदवादक झरीन दारूवाला, पं. के. जी. गिंडे आणि वामनराव सडोलीकर यांच्यापाशी त्यांनी तालीम घेतली. यातील गिंडे हे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचे पट्टशिष्य, आणि रातंजनकर हे खैरागडच्या विश्वविद्यालयाचे आरंभीच्या काळातील कुलगुरू. म्हणजे बोगद्यापलीकडच्या त्या विद्यापीठाची एक शाखा अशी फिरत फिरत मुंबईस संतूरपर्यंत येऊन पोचली. राहुलदेव बर्मन यांच्या चित्रपटसंगीतात, १९७८ च्या ‘घर’पासून ‘१९४२ अ लव्ह स्टोरी’पर्यंत, बापटांची कलमे वाजत राहिली; परंतु त्यांचे खरे कार्य वेगळे आहे. सप्तकातील बाराही स्वर तारांवर कायमचे मांडून ठेवण्याची पद्धत त्यांनी बसविली. त्यामुळे राग बदलताना तारा पुन्हा जुळवाव्या लागत नाहीत, आणि एका बैठकीत रागमाला अखंड वाजविता येते. दुसरे असे की, संतूरवर मींड काढून दाखविण्याचा त्यांनी ध्यास घेतला, आणि तीही साधून दाखविली.

या दोन सिद्धींस आम्ही वेगवेगळे गुण देऊ. पहिली सिद्धी निःसंशय मोठी आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. रागाप्रमाणे जुळविलेल्या संतूरवर न वाजविलेल्या तारादेखील त्या रागातच गुणगुणत असतात. वाद्याच्या पोटात रागाचे एक पाणी भरलेले असते. बाराही स्वर मांडले की वर्ज्य स्वरांच्या तारा शेजारी उभ्या राहतात, आणि त्यांना गप्प ठेवणे हे वादकाच्या हाताचे एक जादा काम होऊन बसते. बापटांचा हात इतका स्वच्छ होता की हे ओझे जाणवत नसे. पण अनुयायाच्या हाती तेच तंत्र दिले तर काय होईल, याची काळजी वाटते.

दुसऱ्या सिद्धीविषयी आम्हांस अधिक स्पष्ट बोलावेसे वाटते. १९५५ सालच्या टीकाकारांनी जो आक्षेप घेतला तो बापटांनी जिंकून दाखविला. परंतु जिंकण्यासाठी त्यांना आक्षेपकाचेच मैदान पत्करावे लागले. संतूरवर मींड येते हे सिद्ध झाले, याचा अर्थ मींड नसती तर संतूर अपुरे ठरले असते हे कबूल केल्यासारखे होते. ज्या ठिकाणी ती मींड येते त्या ठिकाणी कान क्षणभर चकित होतो, आणि चकित झालेला कान राग ऐकत नाही, हात पाहतो. याउलट बापटांची द्रुत लयीतील कामे ऐकावीत. तेथे त्यांना गळ्याचे स्मरण नाही. ठोका, ठोक्यातील अंतर, आणि त्या अंतरात विरणारे अनेक स्वर यांचे जे जाळे ते विणतात ते ना सतारीस विणता येईल ना सारंगीस. तेथे बापट खरे बापट आहेत.

जलतरंगाची कथा याहून जुनी. पाण्याच्या वाद्याचा उल्लेख वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत आहे, अहोबलाच्या ‘संगीत पारिजाता’त जलतरंग येते, जयपूरच्या ‘संगीतसारा’ने बावीस वाट्यांचे ते पूर्ण आणि पंधरांचे मध्यम मानले. वाटीत पाणी वाढवावे तसा स्वर उतरतो, हे मुलांनाही ठाऊक असते. पुण्याचे मिलिंद तुळाणकर यांनी हे वाद्य आमच्या काळात जिवंत ठेवले आहे. जलतरंगवादक कधी कधी आघातानंतर काडीचे टोक पाण्यास लावून स्वर किंचित हलवितात. ही हालचाल आम्हांस मोहक वाटते, कारण ती गळ्याकडून उसनी घेतलेली नाही, पाण्याकडून मिळालेली आहे. मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी बंदुकांच्या नळ्या कापून नलतरंग बनविले, ही हकीकतही प्रसिद्धच आहे. हत्यारातून वाद्य करणारा माणूस त्या लोखंडाकडे मींड मागत बसला नाही. लोखंड जसे बोलते तसे त्याने त्यास आपल्या बँडमध्ये बसविले.

पदार्थाचे हे बोलणे ऐकण्याची सवय पाश्चात्त्य कारागिरांनी फार पद्धतशीरपणे जोपासली आहे. लाकडाची सरळ पट्टी ठोकली असता मूळ स्वराबरोबर जो पहिला वरचा स्वर उमटतो त्याची कंपने मूळच्या सुमारे पावणेतीन पट असतात. ती कोणत्याच सप्तकात नीट बसत नाहीत, म्हणून साध्या पट्टीचा आवाज लाकडीच लागतो. कारागीर पट्टीचे पोट खालून कोरतो. झायलोफोनमध्ये तो हा वरचा स्वर तिपटीवर आणतो, मरिंब्यात चौपटीवर. एवढ्या फरकाने एक वाद्य खणखणीत व दुसरे गंभीर होते. येथे कोणी लाकडास गावयास लावीत नाही. लाकडाचेच लाकूडपण सुधारले जाते.

आता पुन्हा कचारगडकडे वळू. तेथे वाजणाऱ्या नगाऱ्यास कोणी मींड मागत नाही, इतके तरी आम्ही त्याच्यावर उपकार करतो. पण म्हणूनच त्यास संगीतात धरीतही नाही. दोन दांडक्यांनी वाजणारा नगारा आणि बारीक काड्यांनी वाजणारी टिमकी यांचे नाते लक्षपूर्वक ऐकावे. नगाऱ्याचा ठोका पडतो आणि त्याची घुम बराच वेळ रेंगाळते. टिमकीचा आवाज जन्मताच मरतो. एकाची शेपूट लांब, दुसरीस शेपूटच नाही. टिमकी त्या घुमेच्या पोटात आपले दाणे पेरीत जाते, आणि दाणे किती दाट पेरावयाचे हे घुम किती उरली आहे यावर ठरते. मैदानात हे एक प्रकारे वाजते, डोंगराच्या कुशीत दुसऱ्या प्रकारे. कारण तेथे डोंगरही घुम परत करतो आणि वादकांना त्याचाही हिशेब धरावा लागतो. शिवकुमार विरत्या स्वराच्या नेमक्या क्षणी दुसरा स्वर टाकीत, तीच ही विद्या. तिकडे सात स्वर आहेत, इकडे दोनच आवाज आहेत, हा भेद लहान नाही हे आम्ही जाणतो. रागाचा विस्तार नगाऱ्यावर होत नाही, आणि तसे कोणी म्हणू लागल्यास ते भाबडेपण होईल. परंतु विरणाऱ्या नादाचा हिशेब ठेवणे हे आघातवादनाचे मूळ अंग, आणि ते अंग येथे शाबूत आहे. संतूरच्या विद्यार्थ्याने सतारियाकडे मींड शिकावयास जाण्यापूर्वी दोन दिवस या वादकांशेजारी बसावे, अशी आमची शिफारस आहे.

गोंडांच्या परंपरेत वाद्यास जे स्थान आहे तेही आमच्या मापापेक्षा निराळे. स्टीफन हिस्लॉप या नागपुरातील मिशनऱ्याने जमविलेले लिंगोचे दीर्घ गीत रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ साली छापले. त्यात गोंडांना डोंगरातील गुहेत कोंडून तोंडावर शिळा ठेवल्याची आणि लिंगोने त्यांना सोडविल्याची कथा आहे, आणि त्यातील लिंगो भोपळ्याचे तंतुवाद्य वाजवून राक्षसालाही नाचावयास लावतो. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली बस्तरच्या मुरियांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात लिंगो अठरा वाद्यांचा धनी आहे. गोंडी भाषा व संस्कृतीचे अभ्यासक कै. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी त्या गुहेची ओळख कचारगडशी पटविली, आणि आजच्या जत्रेस जे रूप आले त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तेथे सांगितल्या जाणाऱ्या कथेत हिरासुका पाटालीर नावाचा एक वादक येतो. त्याच्या वाद्याच्या नादाने आतील मुलांच्या अंगी बळ येते, बाहेरून व आतून रेटा बसतो, शिळा सरकते. आणि गडगडत खाली येताना त्याच वादकास चिरडते.

या कथेतील संगीत कोणाचा गळा काढीत नाही, कोणाचे मन रिझवीत नाही. ते दगड हलविते. अशा संगीतास मींड आहे की नाही हे विचारणे म्हणजे पहारीस सुईचे भोक विचारण्यासारखे आहे. परंतु अभ्यासकास येथे एक फार मनोरंजक कोडे पडावे. जुन्या गीतातील लिंगोच्या हाती भोपळ्याचे तंतुवाद्य आहे. आज गुहेच्या वाटेवर कानी पडतो तो मुख्यतः ढोल-नगाऱ्याचा गजर. तंतूकडून आघाताकडे हा प्रवास कसा झाला, की दोन्ही वाद्ये प्रारंभापासून शेजारी नांदत होती आणि गीताने एकाचेच नाव राखले? वादक अजून वाजवीत आहेत, त्यांचे ठोके लिहून घेता येतात, आणि ध्वनिमुद्रणाची साधने आता कोणाच्याही खिशात असतात. हे काम मुंबई-पुण्याच्या संगीतमंडळांपेक्षा खैरागडच्या विद्यार्थ्यांस अधिक सोयीचे आहे. डोंगरगडास गाडीत बसावे, बोगदा ओलांडावा आणि दरेकशास उतरावे.